मूर्तीची जागा

लतिकाला सोडून नवं घर सगळ्यांनी पाहिलं होतं. दूधवाल्याने पाहिलं होतं, भावजय मिनलच्या भिशीतल्या बायकांनी चहा-बिस्किटांसकट पाहिलं होतं, बाबांचे खापरखेड्याच्या वीज केंद्रातले जुने सोबती तर गच्चीपर्यंत जाऊन वरून अख्खी नंदनवन वस्ती न्याहाळून आले होते. आणि गंमत अशी, की घर बांधणारा विक्रम भेटेल त्याला सांगत सुटला होता, "खाली सगळं ताईसाठी करून राहिलो."

"मी कधी पाहू?" असं तिने विचारलं, की धाकट्या भावाचं उत्तर ठरलेलं. "सध्या रेती पडली आहे, ताई. सळाखी उघड्या आहेत. एकदम तयार झालं की पाह्य. सरप्राइज."

सरप्राइज या शब्दाचा लतिकाला वीट आला होता. चव्वेचाळीस वर्षांत तिच्या वाट्याला आलेली बहुतेक सरप्राइजं पायरीच्या रूपात आली होती. विमा कार्यालयात तिच्यासाठी मुद्दाम उतार बांधला, साहेबांनी फीत कापली, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्या उतारावर मोटरसायकली उभ्या राहू लागल्या. लहानपणी पोलिओ, मग पायाला लोखंडी कॅलिपर, मग कुबड्या आणि खांदे बोलायला लागल्यावर ही चाकांची खुर्ची, एवढा प्रवास करून आलेल्या बाईला माणसांच्या चांगुलपणाची जरा धास्तीच वाटते. जुनं घर पाडायच्या दिवशी तिने विक्रमला एकच गोष्ट सांगितली होती, "दाराला पायरी ठेवू नको." तो म्हणाला होता, "हाव ना ताई, ते काय सांगाव लागते?"

सांगावं लागत होतं, हे आज कळणार होतं.

येत्या पौर्णिमेला गृहप्रवेश करायचा होता आणि भंतेजींना तसा निरोप द्यायचा होता. त्याआधी सगळ्यांनी मिळून एकदा घर बघावं, कोणाचं काय कुठे ते ठरवावं, म्हणून रविवारी सकाळी किरायाच्या घरातून वरात निघाली. विक्रम पुढे, किल्ल्या वाजवत. त्याच्या मागे बाबा, म्हणजे प्रेमानंद. वीज केंद्रातली नोकरी संपून दहा-अकरा वर्षं झाली तरी त्यांची चाल अजून पाळीला निघाल्यासारखी. मग आजी, बायजाबाई, नव्वदीला टेकलेली, पांढऱ्या लुगड्यात, एक हात काठीवर आणि एक नातसून मिनलच्या खांद्यावर. शेवटी लतिका, आपली खुर्ची आपण चालवत. मागून ढकलायला कुणी आलेलं तिला खपत नसे.

घरासमोर येऊन ती थांबली. काळ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या होत्या. चकचकीत, तोंड पाहून भांग पाडावा अशा. दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे.

"विक्रम, हे काय आहे?"

"समोरून नाही ताई. तुह्यासाठी मागून आहे. चल तं खरं."

"मी पायरी ठेवू नको म्हटलं होतं."

"जोतं उंच नाही केलं तं पाणी घरात शिरन. रोड पाह्य. दर वेळी सिमेंटचा नवा थर, दर वेळी उंच. जुन्या घरात आजीच्या खाटेखाली पाणी येत होतं, विसरली का?"

ती विसरली नव्हती. ओली गादी, तरंगणाऱ्या चपला, आजीची कुरकुर, सगळं आठवत होतं. विक्रमचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि खोटं नसल्यामुळेच त्याचा जास्त संताप येत होता. बरोबर असलेल्या माणसाशी भांडायला दुप्पट ताकद लागते.

मागची वाट म्हणजे घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली गल्ली. पाण्याची मोटर, गॅसचं सिलिंडर, गटाराच्या चेंबरची झाकणं आणि त्यांच्या पुढे उतार. गल्लीत लांबी नव्हती, म्हणून उतार उभा चढला होता. लतिकाने चाकांना जोर दिला आणि खुर्ची पुढे जायच्या ऐवजी मागे कलली. विक्रमने धावत येऊन धरली, खांदा लावला आणि धापा टाकत वर चढवली.

"झालं!" तो म्हणाला. "पाह्य, आली ना?"

"मी नाही आले. तू आणलं. उतरताना काय?"

"मागून कोणी धरन ना."

"अन् कोणी नसलं तं?"

"काहून नसन? एवढे लोक आहेत घरात."

"मी आठ वाजता ऑफिसले निघते विक्रम," तिने ऐकवलं, "तेव्हा तू झोपलेला राह्यते." मिनलने पदराआड हसू दाबलं. विक्रमने ऐकलं नाही असं दाखवून दार उघडलं.

खोली मात्र खरोखर चांगली होती. इथे लतिकाला खोड काढता येईना. दार सरकतं, खुर्ची सहज वळेल एवढं रुंद. दिव्यांची बटणं हाताशी. न्हाणीघरात पाणी अडवायला कट्टा नाही, फरशीलाच अलगद ढाळ दिलेला. कमोडच्या दोन्ही अंगांना आधाराचे दांडे, आणि ते नेमके तिचा कोपर येतो त्या उंचीवर. तिने दांडा धरून पाहिला. मग दुसरा.

"मापं कुठून घेतली रे?"

"तू झोपली राहे तेव्हा खुर्चीची मापं घेतली," विक्रम कौतुकाने म्हणाला. "तुले पत्ता नाही लागू दिला."

म्हणजे खुर्चीला विचारलं, मला नाही, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल लागायच्या दिवसासारखं काहीतरी होतं. ती म्हणाली, "छान झाली. खरंच छान झाली." आणि ते तिने मनापासून म्हटलं.

मग मिनलने आतलं दार उघडलं आणि सगळे मोठ्या हॉलमध्ये आले. उंच छत, मोठ्या खिडक्या, भिंतींना नुकत्याच दिलेल्या रंगाचा वास. लतिकाची नजर सवयीने समोरच्या भिंतीवर गेली. मग बाजूच्या. मग तिसऱ्या. तिन्ही भिंती कोऱ्या होत्या.

"वंदनेची जागा कुठे आहे?"

बाबा पंख्याचा हूक निरखू लागले. विक्रमला एकाएकी खिडकीची कडी घट्ट झाल्यासारखी वाटली. आजीने काठी या हातातून त्या हातात घेतली. शेवटी मिनलच म्हणाली, "वर आहे, ताई. जिन्याच्या वरती, गच्चीजवळ."

जुन्या घरात समोरच्याच खोलीत सागाची फळी होती. तिच्यावर आजोबांनी, बळीरामांनी, मिलमधल्या पहिल्या बोनसातून आणलेली बुद्धाची पितळी मूर्ती आणि बाजूला बाबासाहेबांची तसबीर. गल्लीतली पोरं बाहेर धावत, तेव्हा कॅलिपर घातलेली लहानगी लतिका आजोबांजवळ बसून वंदना पाठ करी. आजोबा गेल्यावर ते काम आपोआप तिच्याकडे आलं. रोज संध्याकाळी ती मेणबत्ती लावी, सुरुवात करी आणि बाकीचे तिच्या मागून म्हणत. ती परीक्षेला अमरावतीला गेली होती तेवढे दिवस सोडले, तर या घरात दुसऱ्या कुणी कधी सुरुवात केली नव्हती. तिला या घरात काय आवडतं, काय तिचं आहे, असं कुणी विचारलं असतं, तर तिने खोली सांगितली नसती. हे सांगितलं असतं.

"वर काहून?" तिने विचारलं.

"त्यांच्या डोक्यावरून कोणी चालू नये म्हणून," विक्रम म्हणाला. "खाली ठेवलं तं वर आमची बेडरूम येते. संडास-बाथरूम येते. कसं दिसन ते? आजीनंच सांगतलं."

"हाव, मीच सांगतलं," बायजाबाई म्हणाली. "भगवंताच्या डोस्क्यावर पाय देऊन फिराचं का आता?"

जुन्या घराला वरचा मजलाच नव्हता, म्हणून हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. आता मजला चढला आणि त्याच्याबरोबर प्रश्नही.

"आजी, आपण मुहूर्त पाहत नाही. दिशा पाहत नाही. दाराले लिंबू-मिरची बांधत नाही. मग हे कुठून काढलं?"

"ते अंधश्रद्धा हाय वं. हा मान हाय. मानात अन् अंधश्रद्धेत फरक हाय का नाई?"

"आहे. पण मग मी वंदना कशी म्हणू?"

"त्यात काय एवढं!" विक्रमला सुटका सापडली. "मी उचलून नेत जाईन. लहानपणी नाही का नेत होतो?"

"लहानपणी तू माह्यापेक्षा चार वर्षांनी लहान होता. तू काय उचलशील! बाबा उचलत होते."

"मग आता मी उचलीन. रोज."

लतिकाने डोळे मिटून घेतले. उचलणं म्हणजे काय असतं, हे उचलणाऱ्याला कधी कळत नाही. काखेत शिरलेले हात, वर सरकलेला कुर्ता, कुणाच्या तरी घामेजल्या शर्टात दाबलेलं तोंड आणि वर "अरे, चांगलीच वजनदार झालीस!" असा विनोद. वरच्या मजल्यावरच्या सभागृहांत झालेल्या कितीतरी लग्नांना ती याच कारणाने गेली नव्हती. प्रत्येक वेळी बरं नाही असं कळवलं होतं. नातेवाइकांत तिची तब्येत नाजूक म्हणून प्रसिद्ध होती.

"मले कोणी उचललेलं चालत नाही. तुले माहीत आहे."

आता प्रेमानंद पुढे आले. भांडण झालं की यंत्र बसवून मिटतं, असा त्यांचा नोकरीभराचा अनुभव. "बेटा, असं करू. खाली माईक लावू. तू इथून म्हणजो, वर स्पीकर राहीन. आवाज एकदम क्लिअर येईन."

"बाबा!"

"काहून? विहारात नाही का लावत?"

"म्हणजे मी खाली एकटी भिंतीकडे तोंड करून म्हणू, अन् तुम्ही सगळे वर मूर्तीपुढे बसून स्पीकरच्या मागून म्हणाल?"

मिनलला हसू आवरेना. ती हसली आणि मग एकदम हसायची थांबून म्हणाली, "मी पहिलेच म्हटलं होतं, हॉलमध्येच ठेवा म्हणून."

"तू कधी म्हटलं?" विक्रम गर्रकन वळला.

"जिना टाकून राहिले होते तेव्हा. तुम्ही फोनवर होते. 'हाव हाव' म्हटलं मले."

"बस्स! आता तू बी तिकून हो!" विक्रमचा बांध फुटला. "पूर्ण उन्हाळा मी इथं उभा राह्यलो. माह्या इंजिनिअर दोस्तानं खोली पाह्यली, म्हणला, असी खोली मी दुसरीकडं नाही पाह्यली. अन् इथं पाह्य! पायरी काहून, उतार असा काहून, मूर्ती वर काहून! एक गोष्ट धड दिसून नाही राहिली कोणाले!"

"खोली चांगलीच आहे रे," लतिका म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तो खाली गेला की घरातले सगळे सावध होत. "पण मले खोली नव्हती पाहिजे. घर पाहिजे होतं. खोली तं दवाखान्यातही भेटते. अन् हे माह्या एकटीचं आहे का? आजीचे गुडघे पाह्य. बाबाची छाती पाह्य, जिना चढले की कसे फुलतात ते. उद्या तुहाच पाय मोडला तं?"

"शुभ बोल ताई."

"त्यात अशुभ काय आहे? मी रोज अशीच जगून राहिली ना?"

विक्रम खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बाबांनी एकदा आईकडे, एकदा लेकीकडे पाहिलं आणि कुणाची बाजू घ्यावी ते न कळून पुन्हा पंख्याच्या हुकाकडे वळले.

"चला, पाहू तरी कसं केलं वर," बायजाबाई एकाएकी म्हणाली.

तेव्हा लक्षात आलं, की वरची खोली तिनेही पाहिली नव्हती. तिने फक्त वर ठेवा म्हणून सांगितलं होतं आणि बाकीच्यांनी मान डोलावली होती. ती जिन्यापाशी गेली, काठी मिनलकडे दिली, कठडा धरला आणि चढू लागली. एक पाय वर, मग दुसरा त्याच्याजवळ. तोंडाने काहीतरी पुटपुटत. थोडं चढली आणि गुडघा असा धरला, की तिला पुढेही जाता येईना आणि मागेही. ती तिथेच पायरीवर बसली.

"थांब आजी, मी उचलतो." विक्रम धावला.

"हात नको लावू!" ती अशी कडाडली, की तो जागच्या जागी थिजला.

बराच वेळ ती श्वास गोळा करत बसून राहिली. जिन्याच्या पायथ्याशी लतिकाची खुर्ची होती. आजी वरून तिच्याकडे बघत होती आणि लतिका खालून आजीकडे. आजीला हे कळायला स्वतःचा गुडघा लागला याचा लतिकाला राग आला, आणि त्याच वेळी त्या गुडघ्याची कीवही आली.

"विक्रम," आजी म्हणाली, "म्हंजे हिनं तिथं खाली राहाचं, अन् भगवंत वर?"

"आजी, तूच तं..."

"मी इचारून राहिली."

विक्रमने मान खाली घातली.

"माह्या माहेरी देऊळ होतं," बायजाबाई बोलू लागली, कुणा एकाशी नाही, समोरच्या कोऱ्या भिंतीशी बोलावं तशी. "त्याच्याही पायऱ्या काळ्याच होत्या. आमी खाली उभे राहो. पुजारी म्हने, तुमाले इथूनच पावते, वर कायले येता? माही माय खालून हात जोडे. तिले आत काय हाय ते जलमभर नाई दिसलं. तुह्या आजाले म्या हे सांगतलं, लगन नवं होतं तवा. तो म्हने, जो आपल्याले पायरीखाली उभं ठेवते तो आपला नाई. म्हनून तं गेलो आमी छप्पन साली दीक्षेले. पोटात तुहा बाप होता. सारा रस्ता पायी गेली म्या."

तिने हाताने पायरी चाचपली.

"अन् आता आपल्याच पैशानं, आपल्याच घरात, आपल्याच पोरीले खाली उभं ठेवाले पायऱ्या बांधल्या. म्याच सांगतलं बांधाले."

प्रेमानंदांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग अगदी हळू विचारलं, "माय, पण मग वरून चालणं-फिरणं? मान?"

"चालू दे. डोस्क्यावरचा पाय त्याले नाई टोचत. पायरीखाली ठेवलेलं मानूस टोचते."

विक्रम आजीच्या बाजूने वर गेला. येताना त्याच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेली मूर्ती होती. पॉलिशला म्हणून किरायाच्या घरातून नेलेली, ती त्याने परस्पर वर आणून ठेवली होती. मिनलने आजीला हात दिला. हात दिला, उचललं नाही, आणि आजी बसत-उठत खाली आली. एक स्टूल पुसून त्यावर मूर्ती ठेवली. कापड काढलं. सगळे फरशीवर बसले, बाबासुद्धा.

"सुरू कर वं लता," आजी म्हणाली.

लतिकाने हात जोडले. तोंड उघडलं. आणि मिटलं.

"इथे नाही," ती म्हणाली.

"आता काय झालं?" विक्रम रडकुंडीला आला होता.

"मी मागून आले, विक्रम. मोटरच्या बाजूनं, सिलिंडरच्या बाजूनं, गटाराच्या झाकणावरून. पौर्णिमेला भंतेजी समोरून येतील. भिशीच्या बायका समोरून येतील. दूधवालाही समोरून येईन. मी समोरून येईन तेव्हा म्हणीन."

"अवं पण समोर जागा कुठं आहे? तुले पाहिजे तसा उतार बांधला तं पूर्ण ती बाजू..." बोलता बोलता विक्रम थांबला.

सगळ्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पायऱ्यांच्या बाजूने फाटकापासून भिंतीपर्यंत लांबच लांब मोकळी जागा होती. तिच्यावर पत्र्याचं छप्पर होतं आणि खाली ठिपक्यांच्या फरश्या. ती विक्रमच्या नव्या गाडीची जागा होती. गाडी अजून तिथे आली नव्हती, पण छप्पर आधी आलं होतं.

"गाडी रोडवर ठेवू?" त्याने कुणाला तरी विचारलं.

"घरात कोणाले राहाचं आहे?" मिनल म्हणाली. "गाडीले का ताईले?"

"मग पौर्णिमेपर्यंत नाही होत ते," बाबा म्हणाले. "भंतेजीले काय सांगू?"

"पौर्निमा का एकच येते?" आजी म्हणाली. "त्याच्या पुढची सांग. तवरिक भगवंत किरायाच्या घरी राहीन. तिथं पायरी नाई."

मूर्ती पुन्हा कापडात बांधली. ती कुणी घ्यायची यावर मात्र वाद झाला नाही. आजीने ती उचलून सरळ लतिकाच्या मांडीवर ठेवली.

परतीची वाट मागूनच होती, दुसरी नव्हती. उतारावरून खुर्ची उलटी उतरवायची होती. विक्रम मागे गेला, दोन्ही मुठी धरल्या आणि एकेक पाऊल मागे टाकत सगळं वजन अंगावर घेऊ लागला. लतिकाचे दोन्ही हात मूर्तीभोवती होते. चाकं धरायला हात उरला नव्हता, त्यामुळे आज पहिल्यांदा तिला पूर्ण त्याच्या भरवशावर राहावं लागलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. अर्ध्या उतारावर तो थांबला. त्याचा श्वास तिच्या कानामागे ऐकू येत होता.

"ताई."

"काय?"

"समोरचा उतार... कसा पाहिजे तुले? एकटीनं चढता-उतरता आलं पाहिजे असा, म्हणजे किती लांब? कठडा कोणत्या हाताले?"

एवढं मोठं घर उभं राहिलं, पायावर विटा, विटांवर स्लॅब, स्लॅबवर मजला, आणि हा प्रश्न आत्ता, गटाराच्या झाकणावर, उलटं उतरताना.

"हे पाया खोदाच्या आधी विचारलं असतं तं!" ती कडाडली. आजीचाच आवाज तिच्या तोंडून आला.

"चुकलं. आता सांग ना."

"पहिले नीट उतरव मले," ती म्हणाली. "मग समोर चल. खडू घे. मी सांगते, तू आखजो."